सोळा स्टेपच्या पुढे काय?

वाचकाचं पत्र

लहानपणी सहा वर्षं कीबोर्ड शिकले. नोकरी लागली आणि सुटलं. अलीकडे पुन्हा धरलंय. लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह या संगीत रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये रचना सुरू करते, पण पूर्ण एकही होत नाही. चाळीसेक अर्धवट फाइली पडून आहेत. रोज जाऊन-येऊन दोन तास ट्रेनमध्ये जातात. नुकताच एक नवा छोटा सिंथेसायझर-सीक्वेन्सर, म्हणजे आवाज घडवणारं आणि भरलेले स्वर आपोआप फिरवत वाजवणारं यंत्र, जाहीर झालाय. ओंजळीत मावेल एवढा, आठ ट्रॅक (एकत्र वाजणारे आवाजाचे थर), आतली चार्ज होणारी बॅटरी, स्पीकर, सॅम्पलिंग (बाहेरचा आवाज टिपून वाजवणं), आणि पियानोच्या पट्ट्यांऐवजी बारीक बटणं. साँग मोड, म्हणजे छोटे तुकडे क्रमाने लावून अख्खं गाणं करायची सोय, पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे म्हणे. प्री-ऑर्डर सुरू आहे आणि व्हिडिओ बघून माझा जीव त्यात अडकलाय. नवरा म्हणतो, हे सगळं फोनवर होतं, खेळणं कशाला हवंय? घेऊ का? घेतलं तर माझी गाणी पूर्ण होतील का? की वापरलेलं एखादं जुनं यंत्र बरं?

– अर्धवट फाइलींची मालकीण

उत्तर

प्री-ऑर्डर करू नका. निदान आत्ता तरी नको.

यंत्र वाईट असेल असं मला म्हणायचं नाही. कागदावर ते चांगलंच दिसतंय. त्याचं नाव मी मुद्दाम गाळलं, कारण थोड्याच दिवसांत त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलेलं असेल आणि दुसऱ्या कुणाला हाच प्रश्न पडलेला असेल. अडचण अशी की तुम्हाला गाणी पूर्ण करायची आहेत, आणि पूर्ण करायला जे लागतं तेच अजून या यंत्रात आलेलं नाही. साँग मोडचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या लेखी अख्ख्या पत्रात सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे.

व्हिडिओ बघताना आपण भुलतो ते आवाजाला. पण आवाजाची काळजी करायचे दिवस बरेचसे गेले. आवाज घडवायची कुठलीही पद्धत घ्या: एफएम घ्या, वेव्हटेबल घ्या, नाहीतर जुन्या अ‍ॅनालॉग सिंथची नक्कल घ्या. आज तळहाताएवढ्या डब्यातूनही ऐकण्याजोगा आवाज निघतो, आणि नाहीच पटला तर सॅम्पल करून दुसरा घालता येतो. एक गोष्ट मात्र पाहून ठेवा, एका वेळी किती स्वर वाजतात ती. कॉर्गच्या व्होल्का कीजवर तीन वाजतात, रोलंडच्या एस-१ वर चार. तुम्ही कीबोर्डवर वाढलेल्या आहात, दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड धरायची सवय असणार. पाचवं बोट टेकल्यावर पहिला स्वर गुपचूप गायब झाला की चिडचिड होते. आवाजाबद्दल माझं म्हणणं इथे संपलं.

तुम्ही पैसे मोजणार ते सीक्वेन्सरसाठी, आणि तिथे जरा आकडेमोड करू. या जातीच्या यंत्रांत बहुधा १६ स्टेपची एक ओळ असते. स्टेप म्हणजे स्वर ठेवायचा एक खण, आणि भरलेली ओळ म्हणजे पॅटर्न. एका मात्रेत चार स्टेप धरल्या आणि टेम्पो १२० (मिनिटाला १२० मात्रा) ठेवला, तर ती ओळ दोन सेकंदांत संपते. ६४ स्टेप दिल्या तरी आठच सेकंद. तीन मिनिटांच्या रचनेत दोन सेकंदांचा तुकडा ९० वेळा फिरणार! व्हिडिओवाले त्यातला अर्धा मिनिट दाखवतात, तेवढ्यात दोन नॉब फिरवतात, मागे छान उजेड सोडतात आणि थांबतात. तो अर्धा मिनिट खोटा नसतो. पण त्यानंतरचे अडीच मिनिट कसे गेले असते, हाच तर तुमच्या चाळीस फाइलींचा प्रश्न आहे.

म्हणून नव्या यंत्राकडे बघताना पहिल्यांदा हे विचारा, की एका पॅटर्नमधून दुसऱ्यात जायचं कसं. नोव्हेशनचं सर्किट ट्रॅक्स बघा. त्यात एक पॅटर्न ३२ स्टेपपर्यंत जातो, प्रत्येक ट्रॅकला असे आठ पॅटर्न मिळतात, ते साखळीने जोडता येतात, आणि कुठल्या ट्रॅकचे कुठले पॅटर्न एकत्र वाजायचे ते 'सीन' म्हणून साठवता येतं. हा एक विचार झाला. टीनेज इंजिनिअरिंगच्या २०११ सालच्या ओपी-१ मध्ये वेगळाच विचार होता. तिथे चार ट्रॅकची सहा मिनिटांची आभासी टेप आहे. वाजवायचं, टेपवर उतरवायचं, पुढे जायचं. टेप सरळ पुढे धावत असल्यामुळे गोल गोल फिरण्याची सवय तिथे आपोआप सुटते. पण झालेली चूक मागे घ्यायला तशी सोय नाही, त्यामुळे काही लोक तिला घाबरूनही असतात. तुमच्यासारख्या अडकलेल्या माणसाला दुसरा विचार जास्त मानवतो असं मला वाटतं. अर्थात तुम्हाला फाइलीत शंभर वेळा मागे जायची सवय लागली असेल, तर पहिला आठवडा हातात कात्री धरून कापड कापल्यासारखा जाईल.

मग प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते का ते पाहा. साधी सोय वाटते, पण लहान सीक्वेन्सरला दीर्घ श्वास मिळतो तो इथेच. ड्रम १६ स्टेपवर आणि बेस १२ वर ठेवला, तर दोघे पुन्हा एकत्र समेवर येतात ४८ स्टेपनंतर. त्यात १४ स्टेपची एक छोटी सुरावट घातली, तर तिघे एकत्र यायला ३३६ स्टेप लागतात, म्हणजे १२० च्या टेम्पोला ४२ सेकंद. बटणं तेवढीच दाबली, तरी दोन सेकंदांचा कंटाळा पाऊण मिनिटापर्यंत लांबला. जे यंत्र सगळ्या ट्रॅकना एकाच लांबीत बांधून ठेवतं, ते कितीही देखणं असलं तरी मी बाजूला ठेवीन.

आणि प्रत्येक स्टेपवर नॉबची जागा वेगळी लक्षात ठेवता येते का? एलेक्ट्रॉनच्या यंत्रांत याला पॅरामीटर लॉक म्हणतात, कॉर्गमध्ये मोशन सीक्वेन्स. म्हणजे पाचव्या स्टेपला फिल्टर (आवाजाची झळाळी कमी-जास्त करणारा) उघडा, नवव्याला मिटलेला, तेराव्याला नुसता रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. ही सोय असली की चार स्वरांतूनही बरंच काही बोलता येतं. ती नसेल तर आठ ट्रॅक असूनही सगळं यंत्रवत वाटत राहतं. कीबोर्डवाल्यांसाठी आणखी एक: थेट वाजवून रेकॉर्ड केल्यावर यंत्र स्वर ओढूनताणून स्टेपच्या चौकटीत बसवतं, की हाताची मूळ चाल राहू देतं? बारीक बटणांना बहुधा दाब कळत नाही, सगळे स्वर एकाच जोराने येतात. त्यात वेळही चौकटीत बसवली, तर सहा वर्षं शिकलेलं बोट ओळखू येणार नाही. अशा वेळी घरी असताना बाहेरचा कीबोर्ड जोडता येतो का, एवढं बघून ठेवा.

हे सगळं विकत घेण्याआधी कळतं, आणि तेही फुकट. बहुतेक कंपन्या मॅन्युअल कुणालाही उतरवून घेऊ देतात. विकत घेणाऱ्यांतले फार थोडे ते आधी वाचतात, आणि मला याचं कायम आश्चर्य वाटत आलंय. मॅन्युअल उघडा आणि तुमच्या चाळीस फाइलींतली एक घ्या, शक्यतो जी सोडून द्यायला सगळ्यात वाईट वाटतं ती. तिच्यासाठी यंत्रावर काय काय करावं लागेल ते कागदावर लिहून काढा. पॅटर्नची नक्कल करून त्यातला फक्त बेस बदलायचा असेल, तर किती बटणं? एक ट्रॅक चार आवर्तनं गप्प ठेवून पाचव्याला आणायचा, तर ते यंत्र लक्षात ठेवतं की दर वेळी हाताने करायचं? केलेलं शेवटचं काम रद्द कसं होतं? बॅटरी अचानक संपली तर न साठवलेलं राहतं का? मॅन्युअलमध्ये उत्तर सापडलं नाही, तर ती सोय नाही असंच धरून चाला. तुमच्या यंत्राचं मॅन्युअल अजून आलेलंच नसेल, तर प्री-ऑर्डर थांबवायला तेवढं एक कारण पुरे. 'पुढच्या अपडेट'चा मान ठेवावा, पण हिशेबात धरू नये. काही अपडेट खरंच येतात आणि यंत्राचं सोनं करतात. काही येतच नाहीत. आज पैसे देताय तर आजचं यंत्र बघा.

आता 'खेळणं'. नवऱ्याशी वाद घालायचाच असेल तर एक उदाहरण देते. रोलंडने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी काढली. आत एक साधा सिंथ आणि सीक्वेन्सर, बॅटरीवरही चालणारी, म्हणजे तुमच्या यंत्राची पणजीच. गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना मागे बेस वाजवणारं कुणीतरी हवं, हा हेतू होता. बेस गिटारसारखा तिचा आवाज अजिबात नव्हता, आणि तिच्यात सुरावट भरायची तर स्वर वेगळे आणि त्यांची लय वेगळी टाकावी लागे. लोक कंटाळले. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं आणि पेट्या वापरलेल्या मालाच्या दुकानांत स्वस्तात पडल्या. शिकागोतल्या तरुणांनी त्या उचलल्या, पॅटर्न फिरता ठेवला आणि फिल्टरचे नॉब पिळायला लागले. त्या पिळण्यातून अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली जन्माला आली. १९८२ चा रोलंडचाच एसएच-१०१ घ्या. तोही बॅटरीवर चालायचा, त्यात १०० स्टेपचा सीक्वेन्सर होता आणि हँडल लावून गिटारसारखा गळ्यात अडकवता यायचा.

या गोष्टीतलं तुमच्या कामाचं एवढंच, की पॅटर्न चालू असताना हाताखाली नॉब होता. यंत्र थांबवावं लागलं नाही, मेन्यू उघडावा लागला नाही. हा फरक फोनच्या काचेवर मिळत नाही. म्हणून नव्या यंत्राच्या फोटोत बघा, पडद्याकडे न पाहता थेट हाताने काय काय फिरवता येतं. फिल्टर, त्याचा रेझोनन्स (आवाजाला टोकदारपणा आणणारा), स्वराची लांबी, आवाजाची पातळी, निदान एवढं बाहेर हवं. चार नॉब आणि त्यांच्यामागे पाच-पाच पानं असतील, तर ते यंत्र लहान लॅपटॉपच समजा.

तरीही नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याचा उपयोग करून घ्या. आयफोन किंवा आयपॅड असेल तर एबलटननेच २०२२ मध्ये काढलेलं नोट हे अ‍ॅप आहे. त्यात ट्रेनमध्ये केलेला तुकडा थेट तुमच्या लाइव्हमध्ये उघडतो. अँड्रॉइड असेल तर कोआला सॅम्पलर बघा. दोन आठवडे रोज ट्रेनमध्ये वापरा. दोन आठवड्यांत तुम्ही एकदाही ते उघडलं नाही, तर तुम्हाला ट्रेनमध्ये संगीत करायचं नाहीये, झोपायचं किंवा बाहेर बघायचं आहे, आणि त्यात काहीच गैर नाही. मग यंत्राचा विषयच मिटला. उलट रोज उघडलंत, पण मध्येच निरोप येतात, काचेवर बोटं घसरतात, आणि दोन्ही हातांनी काहीतरी पिळावंसं वाटतं, असं झालं तर तुम्हाला यंत्र हवंय. तसं झालं तर नवऱ्याला हा परिच्छेद दाखवा.

बाकीच्या बाबी झरझर सांगते. बॅटरी: तुमचा रोजचा प्रवास दोन तासांचा, तेव्हा कुठलंही चालेल. यामाहाचं सीकट्रॅक तीन-चार तास जातं, एस-१ साधारण साडेचार, ओपी-१ तर सोळापर्यंत. खरा प्रश्न पाच वर्षांनंतरचा आहे. आतली लिथियम बॅटरी थकणारच. ती बदलता येते का, आणि ती मेली तरी यंत्र नुसत्या यूएसबीवर चालतं का, हे विचारा. व्होल्का किंवा नोव्हेशनचं पहिलं सर्किट सहा पेन्सिल सेलवर चालतं. जड आहे, पण सेल मिळतील तोवर चालेल. यूएसबीने लॅपटॉपला जोडून त्याच लॅपटॉपात ऑडिओ घेतला की बारीक चिरचिर ऐकू येते, तिचा दोष बहुधा यंत्राचा नसतो, वीज आणि आवाज एकाच वाटेने फिरत असतात म्हणून ती येते. यंत्र बॅटरीवर टाकून पाहा, बहुतेक वेळा जाते.

स्पीकरवर बेसची पातळी ठरवू नका. एवढ्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, आपण बेस वाढवत राहतो आणि घरी हेडफोन लावल्यावर भिंती हलतात. आणि हेडफोन वायरचाच. ब्लूटूथवर आवाज सहसा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येतो. १२० च्या टेम्पोला एक स्टेप असते १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे दाबाल या स्टेपला आणि ऐकाल पुढच्या स्टेपला.

सॅम्पलिंगचं नुसतं नाव वाचून भुलू नका, एकूण किती सेकंद साठतं ते बघा. टीनेज इंजिनिअरिंगच्या छोट्या पीओ-३३ मध्ये सगळे सॅम्पल मिळून ४० सेकंद. त्यातही लोक कमाल करतात, पण तुम्हाला लांब गायकीचे तुकडे घालायचे असतील तर पुरणार नाही. मिडीचं, म्हणजे यंत्रं एकमेकांना स्वर आणि लय कळवतात त्या जोडणीचं, भोक ३.५ मिमीचं असेल तर ते ए प्रकारचं की बी हे पाहा. २०१८ मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, तरी त्याआधीची काही यंत्रं बी प्रकारची आहेत, आणि चुकीची केबल लावली की काहीच होत नाही, माणूस यंत्र बिघडलं समजतो. तुम्हाला लॅपटॉपला जोडायचंय, यूएसबी पुरेल.

पण त्या यूएसबीतून काय बाहेर येतं, इथे मात्र थांबा. तुमची गाणी पूर्ण होतील का, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या केबलीत आहे. यंत्र गाणं पूर्ण करून देत नाही. ते पर्याय कमी करतं. लॅपटॉपवर शंभर ट्रॅक आहेत म्हणून तुम्ही एकशे एकावा शोधता; इथे आठच आहेत, तेव्हा नववा सूर सुचला की आधीचा एक मारावा लागतो, आणि मारण्यातून रचना आकाराला येते. एवढी मदत ते नक्की करेल. पण शेवटचं काम, म्हणजे क्रम लावणं, पातळ्या ठरवणं, शेवट करणं, हे तुम्ही लॅपटॉपवरच करणार असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं, कारण तुम्हाला लाइव्ह येतं आणि ट्रेनमध्ये दोनच तास आहेत. मग आठही ट्रॅक वेगवेगळे बाहेर काढता यायला हवेत. काही यंत्रं ते यूएसबीवरून एकाच वेळी देतात, काही प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल बनवतात, आणि काही फक्त एक स्टिरिओ मिश्रण देतात. तिसऱ्या जातीचं यंत्र घेतलंत तर एक एक ट्रॅक ऐकत आठ वेळा रेकॉर्ड करावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, आणि कंटाळा आला की फाइल अर्धवट राहते हे तुम्हाला मी काय सांगू!

पैसे न देता याचीही परीक्षा घेता येते. लाइव्हमध्ये ती लाडकी फाइल उघडा आणि आठ ट्रॅक उरेपर्यंत बाकीचे पुसा. प्लगिन (वरून जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट) बंद करा, प्रत्येक ट्रॅकला एक फिल्टर, एक रिव्हर्ब ठेवा. क्लिप (ट्रॅकमधले तुकडे) सगळ्या एका आवर्तनाच्या करा, लांबी हवी तर १२ किंवा १४ स्टेप करा. आता एका रविवारी त्यातून तीन मिनिटं उभी करा. उभी राहिली, तर आठ ट्रॅकचं यंत्र तुमच्या हाताला जमेल. नाही राहिली, तर काय कमी पडलं ते लिहून ठेवा आणि यंत्र निवडताना तेच शोधा. मला शंका आहे की ट्रॅक कमी पडणार नाहीत. दुसरा भाग सुचणार नाही. तसं निघालं तर कुठलंही यंत्र घेण्याआधी चाळीसपैकी दोन फाइली निवडा आणि एकीचा दुसरा भाग म्हणून दुसरी जोडून बघा. टेम्पो आणि पट्टी सारखी करून घ्या. अर्धवट फाइली साठवण्याचा हा एक फायदा आहे, आणि फार कमी लोक तो घेतात.

राहता राहिलं वापरलेलं यंत्र. तुमच्या बाबतीत माझा कल तिकडेच आहे. २०२१ चं सर्किट ट्रॅक्स किंवा २०१९ चं रोलंडचं एमसी-१०१ (चारच ट्रॅक, पण पेन्सिल सेलवर चालतं) यांना जी काही अपडेट मिळायची ती बव्हंशी मिळून गेली आहेत, खोड्या सगळ्यांना ठाऊक झाल्या आहेत, आणि त्यात काय नाही हेही स्पष्ट आहे. आश्वासनावर काही विकत घ्यावं लागत नाही. घेताना यंत्र चालू करून, स्वतःचे वायरचे हेडफोन लावून बघा. आवाजाचा नॉब सावकाश फिरवा, खरखर येतेय का ऐका. प्रत्येक बटण दाबा. एकदा दाबल्यावर दोनदा वाजत असेल तर खालचा रबर किंवा स्विच गेलेला आहे. हेडफोनची पिन भोकात हलवून एक बाजू गप्प होते का पाहा. चार्जर काढून अर्धा तास चालू ठेवायला सांगा, आणि तेवढ्यात एक पॅटर्न साठवून, बंद करून, पुन्हा उघडून बघा. यातलं एखादं बटण रुसलेलं निघालं तरी घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे उतरवून मागा. बॅटरी मात्र फुगलेली दिसली, झाकण वर आलेलं दिसलं, तर फुकट दिलं तरी घेऊ नका.